मधुमेह चाळीत कसा आला



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. ‘मधुमेहाचा इतिहास सांगतो’ असे मी कळविले. त्यावर एका गृहस्थांनी मुद्दाम फोन करून ‘विषय आम्ही बरोबर लिहून घेतला ना?’ अशी खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही आणि प्राध्यापक तर नाहीच. दहावीनंतरचे माझे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले, आणि तेही काम सुटल्यावर ते जेवढा वेळ उघडे असे तेवढेच. पंचवीस-तीस वर्षे मी युनियनचे काम करीत आलो आहे. तेव्हा हा विषय ज्या वाटेने माझ्यापर्यंत आला, त्याच वाटेने तो तुमच्यापुढे मांडतो.

ती वाट चहाची. मी युनियनच्या कचेरीत बसू लागलो तो काळ १९९५ च्या आसपासचा. सभेआधी बारा-पंधरा कप चहा सांगावयाचा असे. त्यात एखादा कप बिनसाखरेचा असे, आणि तो बहुधा हिशेब पाहावयास येणाऱ्या एका निवृत्त कारकुनांचा. बाकीची मंडळी त्यांची थट्टा करीत. साहेबांना साहेबांचा रोग लागला म्हणत. आज त्याच कचेरीत चहावाला पोरगा दारातूनच विचारतो, ‘बिनसाखरेचे किती?’ आणि हात वर होतात ते सफाई कामगारांचे, पहारेकऱ्यांचे, बसचालकांचे. परवा तर एका हमालाने हात वर केला. थट्टा आता कोणी करीत नाही. साहेबांचा रोग आमच्यात आला कसा, हा प्रश्न मला पडला आणि त्याच्या मागे लागून मी जुन्या ग्रंथांत शिरलो.

रोग तसा फार जुना. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक मधुमेह. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपल्याकडच्या वैद्यांना ठाऊक होती; इंग्लंडात टॉमस विलिसने लघवीची ती गोडी लिहून ठेवली ती सतराव्या शतकात. चरकाने रोगाची कारणे सांगताना आरामात बसून राहण्याचे सुख आणि झोपेचे सुख ही दोन आधी घातली, आणि दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ हे त्यानंतर. हा क्रम ध्यानात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल. सुश्रुताने तर रोग्यांचे दोन वर्गच केले. एक जन्मापासूनचा दोष घेऊन आलेला, तो कृश. दुसरा आपल्या अपथ्याने रोग ओढवून घेतलेला, तो स्थूल.

परंतु मला सर्वांत नवल वाटले ते सुश्रुताच्या उपचारांचे. ज्याच्याजवळ धन नाही आणि ज्याला आप्त नाहीत, त्याने पायांत वहाण न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने चालावे. श्रीमंताने सावा-देवभातासारखे रानचे धान्य खाऊन राहावे. आणि इतरेजनांनी काय करावे? सतत नांगर धरावा, नाही तर विहीर खणावी. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. विहीर खणणे हे ज्या देशात औषध होते, त्या देशात विहीर खणून पोट भरणाऱ्याला हा रोग होईल, हे त्या वैद्यराजांच्या मनातही आले नसणार. रोग बसणाऱ्याचा, आणि औषध राबणाऱ्याचे. पुढची दोन हजार वर्षे ही समजूत बहुतेक तशीच राहिली.

परदेशातही तीच. १८७०-७१ साली जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला, तेव्हा शहरात अन्नाचा दुष्काळ पडला. अपोलिनेर बुशार्दा नावाचे एक डॉक्टर तेथे मधुमेही रोग्यांवर उपचार करीत असत. त्यांच्या ध्यानात आले की, उपासमारीच्या ह्या महिन्यांत आपल्या रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झाली आहे. तेव्हापासून ते आपल्या रोग्यांना बजावीत, कमी खा आणि अंगमेहनत करा. त्यांना तसे सांगता आले, कारण त्यांच्याकडे येणाऱ्यांना खाणे कमी करण्याजोगे होते आणि मेहनत करण्यावाचून राहताही येत होते.

आपल्या देशात ह्या रोगाची पहिली मोठी चर्चा झाली ती कलकत्त्याच्या बाबूंवरून. १९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या वार्षिक सभेत उष्ण कटिबंधातील मधुमेहावर वाद झाला. हिंदुस्थानात नोकरी केलेले गोरे डॉक्टर तीत बोलले, आणि कलकत्त्याचे रायबहादूर कैलासचंद्र बोस ह्यांचा अनुभवही तीत मांडला गेला. बहुतेकांचा रोख एकच होता. हा रोग शिकल्यासवरल्या, सुखवस्तू बंगाल्यांचा: वकिलांचा, न्यायाधीशांचा, कारकुनांचा, जमीनदारांचा. दिवसभर बैठक, डोक्याला ताण, घरी तूप-मिठाई आणि चालण्याचे नाव नाही. खेड्यातला कुळवाडी त्या चर्चेत आला तो फक्त तुलनेपुरता, ज्याला हा रोग होत नाही असा म्हणून.

येथे एक गोष्ट मनात धरली पाहिजे. डॉक्टरकडे कोण जाई? ज्याच्या खिशात फी असे तो. कुळवाडी तहानेने आणि अशक्तपणाने झिजून गेला, तर त्याच्या मरणाची नोंद ‘ताप’ म्हणून होत असे. तेव्हा गरिबांत रोग नव्हताच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण कमी होता, हे पुढच्या मोजणीवरून दिसते.

मधल्या काळात औषध निघाले. १९२१ साली टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला ते टोचले आणि तो वाचला. १९२३ साली बँटिंग व मॅक्लिओड ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही कथा आपण शाळेत वाचली आहे, म्हणून मी तिच्यात रमत नाही. शहरातल्या प्रौढ माणसाला जो मधुमेह होतो, त्यात इन्सुलिन सुरुवातीला बहुधा असते. शरीर त्याचे ऐकत नाही, हे दुखणे असते. त्याकडे मी पुढे येतो.

आता गिरणगावात येऊ. मुंबईत कापसाची पहिली गिरणी कावसजी दावर ह्यांनी १८५४ साली स्थापली. पुढच्या शंभर वर्षांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची लाखो माणसे परळ-लालबाग-भायखळ्यात आली. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. त्याआधी गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. ह्या कामगाराचे शरीर काय करीत असे ते पाहा. विणाई खात्यातला माणूस पाळीभर मागांच्या मध्ये उभा, तुटला धागा सांधायला वाकणारा, ह्या मागावरून त्या मागावर जाणारा. घर गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, म्हणून जाणे-येणे पायी. जेवण खानावळीत, वेळेवर, पण मोजून. हे जीवन चांगले होते असे मी म्हणत नाही, कोणी तसा अर्थ काढू नये. त्याला क्षय होत असे, कापसाच्या धुळीने छाती भरत असे, एकेका खोलीत दहा-दहा माणसे झोपत. पण मधुमेह हे गिरणगावाचे गाऱ्हाणे नव्हते.

आमच्या आबांचे सांगतो. ते रत्नागिरी जिल्ह्यातून १९६० च्या सुमारास मुंबईत आले आणि विणाई खात्यात बदली कामगार म्हणून लागले. बावीस वर्षे त्यांनी मागावर काढली. मला आठवतात ते वाळलेल्या वेताच्या छडीसारखे. चहा ते बशीत ओतून पीत आणि दोन चमचे साखर घेत. त्यांचे काही बिघडल्याचे आम्ही पाहिले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्या संपाचे राजकारण आज माझा विषय नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि माझी मते इथल्या काही जणांना रुचणारही नाहीत. संपानंतर त्या माणसांच्या शरीराचे काय झाले, एवढेच मला सांगावयाचे आहे. कोणी गावी परतले, कोणी भाजीची गाडी लावली, आणि कित्येक जण पहारेकरी झाले. खासगी पहारेकऱ्यांच्या रोजगाराविषयी महाराष्ट्रात १९८१ साली कायदा झाला होता, पण आबांसारखे अनेक लोक त्या कायद्याच्या मंडळाबाहेर, ठेकेदारामार्फत लागले. बारा तासांची पाळी, बहुतेक रात्रीची. एक लोखंडी स्टूल, एक वही आणि एक दांडका. बावीस वर्षे उभा असलेला माणूस त्या स्टुलावर बसला.

जेवणही बदलले. खानावळीचे ताट गेले आणि हातगाडीवरचा वडापाव आला. दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास सुरू झालेला हा पदार्थ संपानंतरच्या मुंबईत गरिबाचे जेवण झाला. मैद्याचा पाव, बटाटा, तळणीचे तेल. खिशाला परवडतो, उभ्याने खाता येतो आणि भूक मारतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पण रात्री दोन वाजता फाटकावर दुसरे काय मिळते, हे दोष देणाराने आधी सांगावे. १९९४ पासून पामतेलाची आयात मोकळी झाली आणि तळलेले स्वस्त झाले. शिधापत्रिकेचेही तसेच. मुंबईत १९४३ साली शिधावाटप आले तेव्हापासून गहू आणि तांदूळ हे दुकानातले धान्य झाले. ज्वारी, बाजरी, नाचणी गावी राहिली. भाकरी म्हणजे औषध असे माझे म्हणणे नाही, भाकरी खाणाऱ्यालाही मधुमेह होतो. पण नुसत्या भातावर आणि पावावर पोट भरायचे, डाळ आणि भाजी नावाला, आणि वर दिवसातून सहा कप गोड चहा, हे जेवण बसणाऱ्या शरीराला सोसत नाही.

साखरेविषयी बोलताना मला थोडे जपून बोलले पाहिजे, कारण ह्या सभेत ऊस लावणारे आणि कारखान्याचे सभासद असतील. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी कारखाना उभारला तो १९५० च्या सुमारास, आणि त्याने आपल्या खेड्यांचे जे भले केले ते मी नाकारीत नाही. एवढेच की, आपण साखर पिकवायला शिकलो आणि त्याच पिढीत ती खाऊन जिरविणारी कामे आपल्या हातून गेली.

१९९९ साली आबांच्या पायाच्या अंगठ्याला बूट लागून जखम झाली. ती दोन महिने भरेना. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा साखर निघाली. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. ते म्हणाले, ‘काका, गोड खाणे बंद करा.’ आबा म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, गोड आमच्या घरात दिवाळीला असते.’ अंगठा काढावा लागला. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. पण रोग म्हणजे गोडघाशेपणाची शिक्षा, ही समजूत आबांनी मनाला लावून घेतली आणि शेजाऱ्यांना सांगताना ‘बूट लागला’ एवढेच सांगत राहिले. माझ्या संघटनेतही मी हेच पाहतो. माणूस क्षयाची गोळी उघड घेतो, पण मधुमेहाची लपवून घेतो.

एका माणसावरून सिद्धांत बांधू नये, म्हणून मोजणीकडे वळतो. ह्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. डॉ. आजगावकरांनी १९५५ साली मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन केली. १९७२ ते ७५ ह्या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अहमदाबाद, कलकत्ता, कटक, दिल्ली, पुणे आणि त्रिवेंद्रम ह्या सहा ठिकाणी पाहणी केली. शहरात शंभरी २.१ आणि खेड्यात १.५ लोक मधुमेही निघाले. २००० साली सहा महानगरांत मोजणी झाली, तेव्हा आकडा १२.१ वर गेला होता. हैदराबाद सर्वांत वर, १६.६, आणि मुंबई त्यांत सर्वांत खाली, ९.३. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नव्हती, म्हणून हे आकडे एकमेकांवर तंतोतंत ठेवता येणार नाहीत. पण पद्धतीच्या फरकाने एवढी उडी पडत नाही. परिषदेनेच २००८ ते २०२० ह्या काळात देशभर पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २०२३ साली छापले: शहरांत १६.४, खेड्यांत ८.९, आणि देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही. आपला शेजारी गोवा सर्वांत वर, २६.४.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. ह्याच पाहणीचा पंधरा राज्यांचा भाग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, जी राज्ये अधिक संपन्न आहेत त्यांच्या शहरांत हा रोग आता वरच्या थरापेक्षा खालच्या थरात अधिक आहे. १९०७ साली बाबूंचा असलेला रोग शंभर वर्षांत जिना उतरून तळमजल्यावर आला. वरच्या मजल्यावरच्यांना फिरायला बाग मिळाली, व्यायामशाळा मिळाली, तपासणी मिळाली. खाली पोहोचला तो स्टूल आणि वडापाव.

आता हे शरीरात घडते कसे, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. सभेत डॉक्टर असतील त्यांनी चुकल्यास सुधारावे. खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात येते. स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि त्याच्या हुकमाने स्नायू ती साखर उचलतात. स्नायू हा साखरेचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक. तो चालू लागला, वजन उचलू लागला, की इन्सुलिनची वाट न पाहताही साखर ओढून घेतो. तो बसून राहिला की गिऱ्हाईकच कमी होते. शिल्लक राहिलेल्याची चरबी होते, आणि ती पोटात, यकृतात साचली की इन्सुलिनचा हुकूम कोणी मानीत नाही. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडत राहते आणि काही वर्षांनी थकते. म्हणून वजनापेक्षा कमरेचा घेर पाहावा असे म्हणतात. आपल्याकडे पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला तर धोका धरतात.

कमरेवरून एक मजेची गोष्ट आठवली. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९५३ साली तिथल्या वाहतूक खात्यातल्या सुमारे ३१ हजार कामगारांचा अभ्यास छापला. दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक होता. मग त्यांनी काय करावे? खात्याच्या गणवेशाचे कागद काढले आणि विजारींच्या कमरेची मापे मोजली. चालकांच्या विजारी प्रत्येक वयात अधिक रुंद निघाल्या. आता, चालक भरतीच्या वेळीच थोडे जाडे असतील अशीही शंका निघाली आणि ती रास्त होती. हा अभ्यास हृदयाचा होता, मधुमेहाचा नव्हे. पण कामगाराचा रोग त्याच्या कामाच्या जागेवरून शोधावा, हे मला त्या विजारींनी शिकविले.

पण मग, तुम्ही विचाराल, आबा तर वाळलेले होते, त्यांची कंबर कुठे सुटली होती? ह्या प्रश्नाचे उत्तर पुण्यात सापडले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांचा गरोदरपणापासून अभ्यास करीत आले. ह्या बायांची मुले जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाची. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची मुले साडेतीन किलोंची. आपल्या मुलांचे स्नायू कमी, पोटातली इंद्रिये लहान. पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच टिकलेली. वरून रोड, आतून स्थूल. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी स्वतःचे आणि एका इंग्रज डॉक्टरमित्राचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ ह्या साप्ताहिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण इंग्रजाच्या अंगात चरबी शंभरी ९.१ आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२!

ह्याचा अर्थ नीट पाहा. शेतात राबून अर्धपोटी राहिलेल्या आईच्या पोटी येणारे मूल दुष्काळाच्या तयारीने जन्माला येते. ते मूल तसेच राबत राहिले तर एक वेळ निभावते. ते शहरात येऊन स्टुलावर बसले आणि त्याला पोटभर पाव मिळाला, की त्याचे लहान स्वादुपिंड तो भार फार दिवस ओढीत नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे डॉ. कॅम्बेल ह्यांनी १९६० च्या दशकात पाहिले की, खेड्यातून शहरात आलेल्या झुलू माणसाला हा रोग जडतो तो साधारण वीस वर्षे शहरात काढल्यावर. नाताळच्या उसाच्या मळ्यांवर १८६० पासून करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या आपल्या लोकांच्या वंशजांतही त्या शहरात मधुमेह फार होता. आबांच्या बाबतीत मागावरची बावीस वर्षे धरावीत की स्टुलावरची चौदा, ह्याचा मी बराच विचार केला आहे. मी स्टुलावरची धरतो.

रातपाळीचे वेगळे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील परिचारिकांचा फार मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पाळी बदलून रात्रीचे काम जितकी वर्षे अधिक केलेले, तितका मधुमेहाचा धोका अधिक, असे त्यात दिसले. शरीराचे घड्याळ रात्री अन्नाची अपेक्षा करीत नाही. त्या वेळी खाल्लेले रक्तात रेंगाळते. त्यात अपुरी झोप. ज्याच्या आईवडिलांना रोग आहे, जो विड्या-सिगारेटी ओढतो, त्याचा धोका आणखी वाढतो. ज्या बाईला गरोदरपणात साखर वाढली होती तिला पुढे रोगाची भीती अधिक, आणि तिच्या मुलालाही. हे शेवटचे आमच्या सफाई कामगार भगिनींना कोणी सांगितलेले नसते.

इथे मला आमच्या चळवळीचीही झडती घेतली पाहिजे. जादा कामाला दुप्पट मजुरी ही आम्ही अभिमानाने सांगत असलेली गोष्ट. ती मिळाल्यावर आम्ही जादा काम कमी व्हावे म्हणून कधी भांडलो नाही. ते कोणाला मिळते आणि कोणाला नाही, ह्यावरच भांडलो. पहारेकऱ्यांची पाळी बारा तासांवरून आठ तासांवर आणावी असा ठराव मी एकदा मांडला, तर सभासदांनीच तो हाणून पाडला, कारण आठ तासांच्या पगारात घर चालत नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेंहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाचा नियम आणला, त्याच्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी घेतले. मी अशा समितीत चार वर्षे बसलो. चार वर्षे आम्ही वड्याचा भाव वाढू दिला नाही आणि चहात साखर कमी पडते म्हणून तक्रारी केल्या. उसळ-भाकरी ठेवा, असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. मलाही नाही.

आणि एक कटू अनुभव. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी ठेकेदाराने फुकट रक्ततपासणीचे शिबिर लावले. आम्ही त्याचे आभार मानले, फाटकावर फलक लावला, लोकांना आग्रह करून पाठविले. कागद ठेकेदाराकडे गेले. पुढच्या कराराच्या वेळी ज्यांची साखर वाढलेली होती अशांपैकी सात जणांना पुन्हा घेतले नाही. कारण दिले ‘प्रकृती’. त्या सातांतल्या एकाने मला विचारले, ‘दादा, तुम्हीच पाठवलं होतं ना?’ मी काय उत्तर देणार? तेव्हापासून आमचे पहारेकरी शिबिराची गाडी दिसली की पाळी बदलून घेतात. न तपासलेला रोग दहा वर्षे आत पोखरतो: डोळे, मूत्रपिंड, पाय. आबांचा अंगठा गेला तसा.

हा रोग अडविता येतो, हे आता सिद्ध झालेले आहे, आणि तेही आपल्याच देशात. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन ह्यांनी ५३१ माणसांवर तीन वर्षे प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. ही नोकरी करणारी मध्यमवर्गीय माणसे, साखर वाढलेली पण मधुमेहापर्यंत न पोहोचलेली. ज्यांना नुसते सोडून दिले त्यांच्यातल्या शंभरी ५५ जणांना रोग झाला. ज्यांना चालणे आणि आहार ह्यांवर सतत सल्ला दिला, त्यांच्यात तो आकडा ३९ वर राहिला. रोज अर्धा तास झपझप चालणे, साखर-मैदा-तेल कमी, भाजी-डाळ अधिक. ज्यांचे कामच मेहनतीचे त्यांना वेगळे चालायलाही सांगितले नाही. आता बारा तास रातपाळी करून, दोन तास गाडीत उभा राहून घरी येणाऱ्या माणसाला हा अर्धा तास कोठून काढून द्यायचा, हा प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठीने सुटणारा नाही. तो पाळीपत्रकाचा प्रश्न आहे, आणि पाळीपत्रक आम्ही आणि मालक मिळून ठरवितो.

म्हणून यंदाच्या मागणीपत्रात पगाराच्या कलमांखाली आम्ही आणखी चार कलमे घातली आहेत. तपासणीचा कागद फक्त कामगाराच्या हातात द्यावा आणि त्यावरून कोणालाही काढू नये. पहारेकऱ्याने दर तासाला आवाराची एक फेरी घालावी आणि तेवढा वेळ फाटकावर दुसरा माणूस असावा. रातपाळी सलग महिनाभर एकालाच लावू नये. उपाहारगृहात रात्रीही डाळ-उसळ आणि भाकरी मिळावी, आणि चहाची साखर वेगळी ठेवावी. व्यवस्थापनाचे अधिकारी पहिल्या बैठकीत हसले. ‘युनियन आता पथ्यसुद्धा सांगणार का?’ म्हणाले. पण बैठकीत चहा आला, तेव्हा त्यांच्या बाजूचे तीन कप बिनसाखरेचे होते. उसळीचे कलम त्यांनी तेथल्या तेथे मान्य केले. दुसऱ्या माणसाच्या पगाराचे कलम अडून आहे, आणि त्यावरची बोलणी पुढच्या महिन्यात ठरली आहेत.